मामाच्या पडवीतले चार खांब

माझ्या मामाने मुंबईत बत्तीस वर्षं शिपायाची नोकरी केली आणि बत्तीस वर्षं दुपारचा डबा एकाच जागी खाल्ला. ऑफिससमोर इंग्रजांच्या काळातली एक दगडी इमारत होती, दर्शनी बाजूला उंच गोल खांबांची. त्यातल्या एका खांबाला पाठ टेकून पायरीवर जेवायचं आणि परत कामाला लागायचं. निवृत्त होऊन तो रत्नागिरीला आला आणि गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात त्याने चिऱ्यांचं घर बांधायला काढलं, तेव्हा त्याची अट एकच होती. पडवीला तसले चार खांब हवेत.

"तसले म्हणजे कसले?" मामीने विचारलं.

"ते बायला विचार. ती इंग्लिश मिडियमची आहे."

बाय म्हणजे मी. शाळेच्या इतिहासात ग्रीक खांबांचे तीन प्रकार होते आणि परीक्षेला हमखास यायचे: एक साधा, एक माथ्यावर वळ्या असलेला, एक पानांचा. मी फोनवर तिन्हींचे फोटो दाखवले. मामाने पानांचा निवडला. मी सांगितलं की हे खांब ग्रीकांचे, त्यांच्याकडून रोमनांनी घेतले, मग अख्ख्या युरोपने, आणि इंग्रजांनी ते बोटीने मुंबईत आणले.

"आता टेम्पोने आपल्याकडे," मामा म्हणाला.

टेम्पो आला तेव्हा मला कळलं की हे खांब अख्खे नसतातच. आत सळई-सिमेंटचा साधा खांब असतो आणि त्याला बाहेरून साच्यातले अर्धगोल तुकडे चिकटवतात. तळाला साधी गोल कडी, मध्ये उभ्या खाचांचा लांब भाग, माथ्यावर पानांचा झुबका. वास्तुशांत दहा दिवसांवर आली होती आणि मुंबईहून झाडून सगळे येणार होते. आल्या आल्या लोकांनी आधी खांब बघितले पाहिजेत, असं मामा दिवसातून दोनदा म्हणायचा.

शनिवारी संध्याकाळी मी गेले तर पहिला खांब तयार होता. पानं खाली होती. जमिनीलगत, गुडघाभर उंच, वर तोंड करून उमललेली. माथ्यावर साधी कडी.

गवंडी लांब उभा राहून बघत होता, स्वतःवर खूश. मामा त्याला चहा देत होता, तोही खूश. मी म्हणाले, "छान."

असं मी बऱ्याचदा करते. तोंड उघडलं की सगळे आपल्याकडे बघतात, आणि माझ्या मराठीला हसायला कोणी ना कोणी असतंच. शिवाय वाटलं, मामाच्या लक्षात येईलच. पण रविवारी गेले तर दुसराही तसाच उभा. आता गप्प बसले असते तर चारही खांब माझ्या भिडेपायी उलटे झाले असते.

"मामा," मी म्हटलं, "पानं वर असतात."

गवंड्याने थापी खाली ठेवली. "ताई, हळदीची पानं कुठून येतात? जमिनीतनं ना? मग ही छपराला कशी फुटतील?"

मला नेमकी शाळेतली गोष्ट आठवली. एका थडग्यावर कोणीतरी टोपली ठेवली होती, तिच्याभोवती खालून रानटी रोप वाढलं, आणि ते बघून ग्रीक कारागिराला हा पानांचा माथा सुचला म्हणे. म्हणजे पानं मुळात मातीतूनच आली होती. माझीच बाजू लंगडी पडत होती, तरी मी ती सांगून टाकली.

"बघा," गवंडी मामाला म्हणाला.

"थडगं कशाला आणतेस गो नव्या घरात?" मामी आतून म्हणाली.

मामाने माझ्या फोनवरचा फोटो डोळ्यांजवळ नेला, मग खांबाकडे बघितलं. "वरच आहेत," तो म्हणाला. "मी कधी मान वर करून बघितलंच नाय गो. पाऊण तास मिळायचा. त्यात हात धुवायचे, जेवायचं."

तोडायला गेलं तर तुकडे फुटणार होते, आणि नवे वेळेत येणार नव्हते. मामा पायरीवर जाऊन बसला आणि दुसऱ्या खांबाला पाठ टेकली. लगेच पुढे सरकला. सिमेंटची पानं पाठीत टोचत होती.

"ह्याला टेकता येत नाय," तो गवंड्याला म्हणाला. "उरलेल्या दोघांची पानं वर घाल."

वास्तुशांतीला खांब सगळ्यांनी बघितले, फोटोही काढले. दोन एक प्रकारचे नि दोन दुसऱ्या प्रकारचे, ही पद्धतच असणार असं लोकांनी धरलं. आता शेजारच्या वाडीतल्या एकाने त्याच गवंड्याला चार खांब सांगितलेत. दोन खांबांची पानं खाली, दोन खांबांची वर, अगदी मामाकडच्यासारखे.

मामी जेवायला आत वाढते. मामा ताट उचलून पडवीत येतो, तिसऱ्या खांबाला पाठ टेकतो आणि, पाऊण तासाची घाई नसल्यामुळे, जेवता जेवता मध्येच मान वर करून बघतो.