चौदा एप्रिल आणि गणिताचा पेपर

माझ्या धाकट्या बहिणीच्या पोरीची परीक्षा मार्चमध्येच आटोपते, आणि माझ्या पोटात दुखतं. खरं तेच सांगते. बहीण अकोल्याला, पोरगी तिथल्या इंग्रजी शाळेत. मी वाशीमला, माझी पोरगी सहावीत, मराठी शाळेत. पूर्वी आमचेही पेपर चौदा एप्रिलच्या आत संपायचे. आता सरकारनं ते पार महिन्याच्या शेवटापर्यंत ताणले. वर्गात पंखा गरम हवा फेकतो आणि पोट्टे घाम पुसत पेपर लिहितात. यात कोणाचं काय भलं झालं, कोण जाणे!

चौदा एप्रिल म्हणजे आमच्या घरी दिवाळीच्या वरचा सण. जयंतीला किन्हीराजा गावी आईकडे जायचं, तेही चांगलं चार दिवस आधी. नवे कपडे, विहाराची रंगरंगोटी, संध्याकाळी मिरवणूक, आणि मिरवणूक परतली की विहारासमोर लेकरांची भाषणं. आई तिथल्या महिला मंडळाची पुढारी. आमच्या घरचं भाषण ठरलेलं, आईनंच रचलेलं. लहानपणी ते मी म्हणायची. बहिणीला कधी जमलं नाही, मंचावर चढली की रडायची बापडी. मग माझ्या पोरीनं म्हटलं, काही वर्षं लागोपाठ. आई तिला ओसरीवर उभी करून हात कुठं उचलायचा, कुठं थांबायचं, सगळं शिकवायची. त्या भाषणावर आमचाच हक्क, असं मी धरून चालले होते.

यंदा जयंतीच्या दुसऱ्याच दिवशी गणिताचा पेपर. म्हणून सकाळच्या एसटीनं गेलो, दिवस असतानाच परत फिरायचं ठरवून. पोचलो तर ओसरीवर बहिणीची पोरगी उभी, आणि आई तिला हात उचलायला शिकवतेय!

"हे काय व?" मी विचारलं.

"तुमी तं मिरवणुकीच्या पह्यलेच चालल्या न," आई म्हणाली. "कोणी तं बोलाले पायजे."

बहीण आतून आली. "ताई, तुले राग नाही न आला?"

"मले कायले राग येते," मी म्हटलं, आणि भाजीत दुप्पट तिखट टाकलं. सगळ्यांनी नाक पुसत खाल्ली.

आमची बस निघाली तेव्हा बँडवाले नुकते गाडीतून उतरत होते. माझी पोरगी खिडकीशी, मांडीवर गणिताचं पुस्तक, मान मागं वळवलेली. तिनं काही हट्ट केला नाही. हट्ट मलाच करावासा वाटत होता.

घरी जेवायला बसलो तर बहिणीनं व्हिडिओ पाठवलेला. मी चुका शोधायलाच बसले. इंग्रजी शाळेची पोरगी, मराठीत अडखळणार, अशी माझी खात्री होती. कुठं काय! खणखणीत बोलली. वरून शेवटी दोन वाक्यं इंग्रजीतून फेकली, आणि टाळ्याच टाळ्या. मंचाच्या कडेला आई पदरानं डोळे पुसत होती. माझ्या पोरीच्या वेळी तिनं पुसले होते का? मला आठवेना. आठवेना म्हणून अजूनच जळले.

सकाळी पोरीला पेपरला सोडलं आणि आईला फोन लावला. "माह्या पोरीचं भाषण तिले काहून देलं? एक साल तसंच राहू द्यायचं होतं न!"

आई म्हणाली, "बाई, त्या भाषणात आपण काय सांगतो? पोरीइले शिकवा म्हणून. तुही पोरगी शिकाले गेली. मंग तू कायले रडतं?"

बरोबरच होतं तिचं. पण बरोबर-चूक ऐकायला मी फोन केलाच नव्हता. तुमच्याबिगर करमलं नाही, एवढंच मला आईच्या तोंडून ऐकायचं होतं. मी फोन कानाला लावून वाट पाहत राहिले.

भाची अजून तिथंच होती. तिच्या शाळेचं नवं वर्ष नुकतंच सुरू झालेलं, चार दिवस बुडाले तरी चालतं म्हणे. "आजी, चल न!" ती मागून ओरडली.

"ठेवतो व," आई म्हणाली, "पोट्टी बलावून राह्यली." आणि तिनं फोन ठेवला.