भंडाऱ्यानं माखलेली फ्लॉपी

ते प्रकरण आठवलं की मी अजूनही बुचकळ्यात पडतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण चोरलेला माल स्वतःहून परत आणून ठेवणारा चोर एकदाच पाहिला.

तेव्हा मी सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एक भंगारवाला तक्रार अर्ज घेऊन आला. त्याच्या गोदामातून एखादा जुनाट कॉम्प्युटर जायचा, चार दिवसांनी दारात परत यायचा आणि दुसरा गायब व्हायचा. शेजारी तांब्याची तार पडलेली, तिला हात नाही.

"सायेब, ह्यो चोर हाय का गिऱ्हाईक?" ठाणे अंमलदारानं विचारलं. मी काय सांगणार, कपाळ!

गुन्हा नोंदवण्याआधी जागा पाहायला गेलो, तर घोळ आणखी वाढला. परत आलेल्या प्रत्येक मशीनच्या फ्लॉपी घालायच्या फटीत पिवळी पूड होती. फ्लॉपी म्हणजे पेनड्राइव्हच्या आधी वापरायचे ती चपटी चौकोनी वस्तू. "भानामती हाय ही," हवालदार पुटपुटला. त्याला झापलं खरं, पण मलाही काही सुधरत नव्हतं.

शेवटी खबऱ्यानं टीप दिली. पलूसकडे द्राक्षं वाहणारा एक पिकअपवाला ताडपत्रीखाली कॉम्प्युटर नेतो म्हणे. मेंढपाळ घरातला, पंचविशीचा पोरगा. त्याला ठाण्यात आणला. माझी पद्धत साधी: समोर बसवायचं, चहा द्यायचा आणि आपण गप्प राहायचं. गप्प बसणं भल्याभल्यांना सोसत नाही. हा तर रडायलाच लागला.

"आवं सायेब, इकायला न्हाई नेलं. ह्यातला फोटू बघायचाय," म्हणत त्यानं खिशातून फ्लॉपी काढली. पिवळीधमक!

त्याची थोरली बहीण तालुक्याला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. तिथं तिचा फोटो काढून फ्लॉपीत घालून दिला होता. पुढं तापाचं निमित्त झालं आणि पोरगी गेली. घरात तिचा दुसरा फोटो नव्हता. आता आईची नजर जात चालली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

"दिसतंय तवर लेकीचं तोंड दाव, येवढंच म्हणती. दुकानात ईचारलं तर लोक हसत्यात."

"आणि ही पूड कसली?"

"भंडारा. आय दरसाल खंडेनवमीला हिची पूजा करती. लेकीचं हत्यार न्हवं का!"

मी डोक्याला हात लावला. तो भंडारा आत जाऊन बसला होता. त्यानंच एकेक मशीन बंद पडत होतं आणि हा गडी मशीनला दोष देत पुढचं उचलत होता.

सायबर शाखेच्या महिला कॉन्स्टेबलनं फ्लॉपी उघडली, आतली काळी चकती साबणाच्या पाण्यानं धुतली आणि सुकवून दुसऱ्या फ्लॉपीच्या कव्हरात बसवली. भंगारवाल्यानं अर्ज मागं घेतला, वर एक चालू मशीनही आणून दिलं. आईला ठाण्यात बोलावलं.

चित्र वरून खाली सावकाश उघडत गेलं. कपाळ, डोळे, नाक. ओठांखाली मात्र सगळं करडं राहिलं; तेवढा भाग खराब झाला होता.

"हनवटीवर गोंदण हाय न्हवं?" पडद्याला नाक लावून आईनं विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "हाय, हाय. दिसतंय मला. माझीच बाय ती!"

पोरानं मला व्हरांड्यात नेलं. "सायेब, ही आक्का वाटत न्हाई. क्लासातली दुसरी कुनी आसंल."

"तू केवढा होतास तेव्हा?"

"सा वर्साचा आसंन."

आयुष्यभर ओळखपरेड घेतल्या. साक्षीदार खोटं बोलतोय की चुकतोय, हे मला चेहऱ्यावरून कळायचं. इथं एकीला दिसत नव्हतं, दुसऱ्याला आठवत नव्हतं आणि दोघंही खरंच बोलत होते. सगळ्या प्रकरणांचा शेवट खऱ्या-खोट्यानं होत नाही, हे मी निवृत्तीच्या तोंडावर शिकलो, आणि त्याचा त्रास मला अजून होतो.

"मोठा करून भिंतीला लावू का?" त्यानं विचारलं.

आत त्याची आई त्या करड्या भागावरून बोटं फिरवत होती.

"लाव," मी म्हणालो.