जीपच्या नावाचा दगड

माझ्या बायकोच्या मामांइतका चांगल्या रस्त्याचा तिटकारा असलेला माणूस चंद्रपूर-गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत शोधून सापडायचा नाही. डांबर दिसलं की मामाजींच्या कपाळावर आठी. "डांबरावरून तं वरात बी जाते," म्हणायचे. माजरीच्या कोळसाखाणीत जन्मभर डंपर हाकलेला माणूस. चाक बुडेल इतका फुफाटा नसला तर आपण कुठे चाललोय असं त्यांना वाटतच नसे. निवृत्त होताच त्यांनी लिलावातून एक म्हातारी फोर-व्हील जीप उचलली आणि मामींच्या तीर्थयात्रेच्या बेतावर पाणी फिरवलं.

बरं, डोंगरात हिंडायचं तेही भर मे महिन्यात, कावळासुद्धा सावली सोडत नाही तेव्हा. "पावसाळ्यात रस्ता वाहून जाते, हिवाळ्यात सारेच हौशे येते. उन्हाळ्यात नदी बी रस्ता होते, जावईबापू!" असं म्हणून ते मला कोरड्या पात्रातून खडखडवत न्यायचे. जीपला टप नाही. मामाजींच्या डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा, आणि दुसरा कांदा बॉनेटखाली तारेनं बांधलेला. "काऊन, तिले ऊन लागत नाई का?" दुपारपर्यंत तो कांदा छान भाजून निघे आणि भाकरीबरोबर आम्हीच खात असू.

मोबाइलला रस्ता विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे. विचारायचं ते पायी चालणाऱ्यालाच. "ज्याचे पाय दुखते, तोच खरं सांगते." कोरचीकडच्या एका घाटमाथ्यावर दगडांची रास आहे. गाडी वर आणणाऱ्यानं तिथे एक दगड ठेवायचा, ही गाडीवानांची जुनी रीत. मामाजी दोन ठेवत. एक स्वतःचा, एक जीपच्या नावाचा. पहिल्याच वर्षी मीही आगाऊपणे एक उचलला, तर त्यांनी तो हातातून काढून घेतला. "तुम्ही तं बसून आले ना जी? बसणाऱ्याचा दगड नसते."

यंदा डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. मामींनी जीपला वडशाचं गिऱ्हाईकही पाहिलं. मामाजींनी शेवटचा डाव टाकला, "एकटा घाट चढवून दाखवतो. जमलं तं जीप घरीच राहीन." मामींनी साक्षीदार म्हणून मला पाठवलं आणि खोटं बोललात तर जेवायला येऊ नका, असंही बजावलं.

तेंदूपत्त्याचा हंगाम होता. घाटाच्या पायथ्याशी रस्त्याला फाटा फुटतो, तिथे रस्ता पाठ असूनही मामाजींनी सवयीनं ब्रेक दाबला. बाजूला पुरुषभर उंचीचं वारूळ होतं, पानं तोडायला गेलेल्या कुणीतरी त्यावर आपला दुपट्टा टाकलेला.

"काऊन भाऊ, घाटाकडं रस्ता कुठून?" मामाजींनी विचारलं. उत्तर नाही. मग गोंडीत विचारलं. तरी नाही. "पाहा जी! जंगलातल्या माणसाईले बी आता घमंड आली!"

मला हसू आवरेना. "मामाजी, वारूळ आहे ते!"

तेही खो खो हसले, पण त्यांचं हसू माझ्याआधी थांबलं. खाली उतरले, वारुळावरून हात फिरवला, घसरलेला दुपट्टा नीट केला. मग माझ्या बाजूला येऊन म्हणाले, "सरका तिकडं." मी स्टिअरिंगमागे सरकलो.

घाटभर ते डोळे मिटून बसले होते. "आता डावं घ्या. दुसरा टाका. पुढं धोंडा आहे, उजवीकडून काढा." धोंडा असायचाच. माझ्या गिअरच्या कडकडाटावर एकदाच करवादले, "म्हैस हाकून राह्यले का?"

माथ्यावर त्यांनी दोन दगड निवडले. एक जीपच्या नावानं राशीवर ठेवला, दुसरा माझ्यापुढे धरला.

"मामाजी, हा तुमचा आहे."

"मी तं बसून आलो ना जी," ते म्हणाले.

सहा उन्हाळे मला तो दगड हवा होता. हातात आला तेव्हा मात्र खाली ठेववेना.