शेवटचा येईपर्यंत

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची, आणि ते काही कौतुकाने नव्हे. पन्नाशी उलटली तरी मला एका जागी बसवत नाही. दर रविवारी पनवेलहून खोपोलीमार्गे बोरघाट चढणाऱ्या आमच्या सायकलवाल्यांत मी वर पहिली पोचते आणि मग चडफडत बसते, कारण आमचा नियमच आहे: शेवटचा माथ्यावर येईपर्यंत कोणी उतरायचं नाही. शेवटचा म्हणजे बहुतेक वेळा गव्हाणचा आमचा मित्र. बंदरात क्रेन चालवतो, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणतो आणि सायकलही क्रेनसारखीच सावकाश चालवतो.

गेल्या वर्षी आम्ही दोघं हिमालयातल्या उंच खिंडींतून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या राइडला गेलो. वाटेत ठिकठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा. शेवटचा शिक्का पलीकडच्या गावात, संध्याकाळी पाचच्या आत. नाही मिळाला तर सगळी राइड फुकट. त्या शिक्क्यासाठी दोन वर्षं मी घरच्यांचं डोकं खाल्लं होतं.

शेवटच्या खिंडीवर मी दोनला पोचले. खाली उतरायला दीड तास पुरे होता. हवा विरळ आहे, इथे जास्त थांबू नका, असं शिक्का मारणाऱ्याने दोनदा बजावलं. पण नियम म्हणजे नियम. मी बसले. खाडीकाठच्या माणसाचं डोकं तिथे ठणकायला कितीसा वेळ लागतो? अडीच झाले, पावणेतीन झाले. उठून वळणापर्यंत जायचे, परत यायचे. मनातल्या मनात त्याला इतक्या शिव्या घातल्या की आज आठवूनही लाज वाटते. एकदा तर सायकलवर टांग टाकली आणि पुन्हा उतरले.

सव्वातीनला मदतीची गाडी वर आली. टपावर त्याची सायकल, मागच्या सीटवर तो. ओठ निळसर पडलेले. त्याने काच खाली केली.

"ताई, मी आयलो. आता उतर."

मी लगेच निघाले. पाचला बारा मिनिटं कमी असताना शिक्का मिळाला.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात ऑक्सिजनवर होता. डॉक्टर माझ्यावरच डाफरले. अर्ध्या चढावर त्याला चक्कर आली तेव्हा गाडीवाला त्याला मागे, खाली न्यायला निघाला होता. तसा गेला असता तर तासाभरात बरा झाला असता. यानेच भांडून गाडी वर न्यायला लावली.

मी त्याला कारण विचारलं.

"मी नाय आयलो तर तू हालणार नाय, म्हाईत हाय मला," तो म्हणाला.

आता तो ठणठणीत आहे. रविवारी अजूनही शेवटचा येतो आणि मी अजूनही चडफडते. ते कार्ड मात्र मी कोणाला दाखवलेलं नाही. त्या दिवशी काच खाली झाली तेव्हा त्याचे ओठ निळे पडलेले होते. मी ते पाहिलं होतं, आणि तरी उतरले.