कोरा चहा

गवती चहाचा वास आला की नगरमधली आमची भाड्याची खोली आठवते. पतसंस्थेचं कर्ज मुदतीआधी फेडायचं म्हणून मी घरातलं दूध बंद केलं होतं. राजूरहून वडील चार दिवस राहायला आले, तेव्हा त्यांच्यापुढेही गवती चहा घातलेला कोराच चहा ठेवला. बशीत ओतत ते हसले, “म्हस आटली व्हय रं तुझी?” मी कर्जाचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच, “रानात लई काम हाय,” म्हणत ते परतले. त्यांच्या बशीखाली दहाची नोट सापडली. पुन्हा ते कधी राहायला आले नाहीत. पोराला आपला खर्च नको, असं आईला म्हणायचे. कर्ज सहा महिने आधी फिटलं, ते पाहायला वडील नव्हते. पावशेर दुधाचे पैसे मात्र वडील आले त्या दिवशीही माझ्या खिशात होते.