शीड हुंगणारी

माझ्या बायकोला भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्यावरचे सगळे मच्छीमार 'नाकवाली' म्हणत. कारण ती कुठलीही गोष्ट आधी हुंगायची. मासळी, दोर, पाहुण्यानं आणलेली मिठाई, आणि सगळ्यात जास्त आमच्या होडीचं शीड. मला लाज वाटायची. तिला नाही.

शीड जाड सुती कापडाचं, तिनंच शिवलेलं. पाण्याकडच्या काठाला हिरवं शेवाळ धरायचं आणि घडीत बुरशीचे काळे ठिपके पडायचे. हिरवं काठालाच आणि काळं घडीतच का, हे तिला कोडं. मी म्हणालो, "अगं, डाग तो डाग." तर म्हणते, "मंग समदी मासळी बी सारकीच का वो?" तिनं कापडाचे दोन तुकडे घेतले, एक ओला, एक वाळलेला. घड्या करून पत्र्याच्या पेटीत ठेवले आणि रोज उघडून बघायची. वाळलेल्याला काहीच झालं नाही. ओल्याला आधी कुबट वास आला, ठिपके मागाहून दिसले. तेव्हापासून तिचा डोळ्यावरचा भरवसा उडाला.

धुवायची तिची रीत ठरलेली. कडक उन्हात वाळवून बुरशी ब्रशानं झाडायची. मग रिठ्याचं कोमट पाणी, शेवाळाला काथ्या, ठिपक्याला लिंबू-मीठ. एकदा ती मिरजगावच्या बाजाराला गेली आणि मी शहाणपणा केला. पाण्याच्या टाकीत टाकतात ती पावडर पंचायतीच्या शिपायाकडून आणली आणि शीड तिच्यात बुडवून ठेवलं. बगळ्यासारखं पांढरं निघालं! तिनं हुंगलं आणि नाक मुरडून होडीवर चढवलं. आठ दिवसांनी आम्ही दोघं भर पाण्यात असताना वारा आला आणि शीड टरकन फाटलं. मी घाबरून वल्ही मारतोय आणि ही हसतेय. "पांढरं झालं, पन मेलं की वो! आता मला बी बुडवा त्यात, गोरी हुईन."

नवं शीड शिवण्यात तिचा पावसाळा गेला. तपकिरीनं माझं नाक केव्हाच गेलेलं, म्हणून मला तिनं वेगळी खूण शिकवली. "तुमी गाल लावा. गार लागलं तर वलं हाय. घडी करायची न्हाई."

यंदा तिला दवाखान्यात हलवलं, त्या गडबडीत मी शीड ओलंच गुंडाळून कोपऱ्यात टाकलं. ती परत आली नाही. तेराव्यानंतर उलगडलं तर काळंच काळं. पुतण्या म्हणाला, "तात्या, फेका की. आता होडीला इंजिन हाय." त्याला हाकलून दिलं. तिच्या हाताचं एवढंच उरलंय, तेही मीच कुजवू?

तिच्या रीतीनंच धुतलं. डाग फिके पडले, पुरते गेले नाहीत. टाका मात्र एकही सुटला नाही. आज तीन दिवस ते दोरीवर आहे. पुतण्या म्हणतो, कडकडीत वाळलंय. मी दुपारी गाल लावला. गार लागलं. आता शीड ओलं की माझा गाल, हे कुणाला विचारू?

घडी केली नाही.