सोळा ठोक्यांची रिकामी जागा

या ग्रुपवरचे बहुतेक अनुभव 'माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता' या वाक्याने सुरू होतात. माझा तर अजूनही नाही. तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. भुताखेतांची पुस्तकं कोणत्या कपाटात लावायची, एवढाच माझा त्यांच्याशी संबंध. तरी लिहितोय, कारण माझ्या फोनमध्ये एक व्हिडिओ आहे. त्यात मी असं काहीतरी करताना दिसतोय, जे मला येत असण्याचं काहीही कारण नाही.

विजूताई माझी थोरली बहीण. तरुणपणी ती रेकॉर्डिंगला कोरसमध्ये गायला जायची. कॅसेटच्या जमान्यात एका गायिकेचं एक मराठी पॉप गाणं आलं होतं. नावं मुद्दाम देत नाही. गाणं एकच, पण कॅसेट भरायला हवी म्हणून तेच चार वेळा घातलेलं – मूळ गाणं, मग 'क्लब मिक्स', 'डान्स फ्लोअर मिक्स' आणि 'मिडनाइट मिक्स'. म्हणजे तोच रस्सा, कमीजास्त आचेवर. कव्हरवर रंगीत दिव्यांखाली नाचणारी माणसं. आमच्या भाईंदरला तेव्हा क्लब म्हणजे कॅरम क्लब. पण वर्षभर प्रत्येक पानटपरीवर हेच वाजत होतं.

ताईचं म्हणणं असं, की त्या गाण्यात तिची एक ओळ होती. एकटीची. आधी तिने ओळ म्हणायची, मग कोरसच्या चौघींनी तिला उत्तर द्यायचं. गायिकाबाईंना दुसरा आवाज नको होता, म्हणून ओळही गेली आणि उत्तरही गेलं. जागा मात्र तशीच राहिली.

हे आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं, की एका गणपतीत, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, मी टेपरेकॉर्डर मधोमध ठेवला आणि चारही मिक्स लागोपाठ वाजवले. प्रत्येकात शेवटच्या कडव्याआधी सोळा ठोके नुसता ताल. आवाज कुणाचाच नाही.

"यात तू कुठे आहेस तेवढं दाखव," मी म्हणालो. सगळे हसले. मला आणखी चेव आला. "बरं, इथे नाही तर नाही. ती ओळ तरी म्हणून दाखव."

ताईने हातातली मोदकाची ताटली खाली ठेवली. "ऐकायला बसला असतास तर म्हटली असती, दिल्या. तू तपासायला बसलायस."

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. ओळ काय होती, उत्तर काय होतं, कुणालाच कळलं नाही. पुढे तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता ती बोलते ते कुजबुजल्यासारखं. म्हणजे मी मागितलेला पुरावा तिला द्यावासा वाटला, तरी देता येणार नव्हता. तिची माफी मागायचं माझ्याकडून राहून गेलं होतं, आणि दर वर्षी ती मागणं जास्तच अवघड होत गेलं.

गेल्या डिसेंबरात माझ्या मुलीची, ऋचाची, हळद होती. जागा नवघरमधल्या आमच्या सोसायटीची गच्ची, वेळ दुपारी साडेचार. पिवळे पडदे, पाण्याच्या टाकीला झेंडूच्या माळा, साठेक माणसं. डीजे म्हणून उत्तनजवळच्या डोंगरीचा सॅव्हिओ. पन्नाशीचा गृहस्थ, त्या बाजूला दोन पिढ्यांच्या हळदी त्याने वाजवलेल्या. ऋचाने मला न सांगता त्याच्याकडून त्या जुन्या गाण्याचा नवा रिमिक्स करून घेतला होता. 'आत्यासाठी' म्हणून.

गाणं सुरू झालं तसा मी हातातल्या कागदी कपाकडे बघत राहिलो. ताई समोरच खुर्चीवर, मांडीत हळदीची वाटी. तिने माझ्याकडे बघितलं नाही. बाकीचे नाचत होते. मग शेवटच्या कडव्याआधीची ती जागा आली. सॅव्हिओने तिथे ढोल भरला होता, इतका की टाकीचं झाकण थरथरत होतं.

आठ ठोके गेले. नवव्याला गच्चीवरची सगळी माणसं गायली.

"आम्ही सगळ्या... चाल तू पुढे..."

एका सुरात, एका वेळी. कुणी चाचपडलं नाही, कुणी मागे राहिलं नाही. सोळावा ठोका पडला आणि सगळे थांबले. सॅव्हिओने गाणं बंद केलं. साठ माणसं पिवळ्या गालांनी एकमेकांकडे बघत उभी होती. खालून भाजीवाल्याची हाक स्पष्ट ऐकू आली. माझ्या अंगावर काटा होता. आणि खरं सांगायचं तर भीती अजिबात वाटत नव्हती. खूप मोठ्या देवळात शिरल्यावर आपण आपोआप हळू बोलायला लागतो ना... तसं काहीतरी.

ताईचा उजवा हात वर होता. दोन बोटं उचललेली.

मी तिच्याजवळ जाऊन खाली बसलो. "ताई, हे...?"

"हेच," ती कुजबुजली. डोळे भरले होते, पण बोलणं नेहमीचंच. "चौघींसाठी बसवलं होतं रे. केवढी गर्दी केलीत."

मग मी मला जे येतं ते केलं. चौकशी. आधी सॅव्हिओ.

"अंकल, ह्यो मिक्स मीच केलाय," त्याने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "तिथं आवाज न्हाय. नुसता ढोल हाय. तुमीच ऐका." ऐकलं, तीनदा. नुसता ढोल.

"मग तू काय गायलास?"

"तेच तर," तो म्हणाला आणि गळ्यातला क्रॉस चाचपायला लागला.

शेजारच्या हंसाबेनना मराठीत 'किती' आणि 'नको' याच्या पुढे काही येत नाही. त्याही गायल्या होत्या. "भाईसाब, मेरे को लगा सब को आता है," त्या म्हणाल्या. "फिर लगा, अरे, मेरे को भी आता है."

व्हिडिओ त्यांच्या सुनेने माझ्याच फोनवर काढलेला. मी तो अगदी हळू करून पाहिलाय. एकाने सुरू केलं आणि बाकीच्यांनी उचललं, असं कुठेतरी दिसेल म्हणून. दिसत नाही. सगळी तोंडं एकदम उघडतात. ताईचे ओठ मिटलेले आहेत. फक्त आठव्या ठोक्याला तिची दोन बोटं वर जातात, कोरसला इशारा द्यावा तशी. आणि डाव्या कोपऱ्यात, हातात कागदी कप घेतलेला, छप्पन्न वर्षांचा एक टकला माणूस डोळे मिटून, मनापासून 'आम्ही सगळ्या' म्हणतोय.

सामूहिक मनावर खूप वाचलंय मी. एकाचं बघून दुसरा जांभई देतो, टाळ्या आपोआप एका लयीत येतात, सगळं मान्य. पण शब्द कुठून आले? ताईने ते कधी कुणाला सांगितले होते का, हे मी तिला विचारलं. नाही, म्हणाली. ते मूळचेच शब्द होते, याला कागद नाही, टेप नाही, कोरसच्या त्या चौघी कुठे आहेत ते माहीत नाही. पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त ताईचा शब्द आहे. त्या गणपतीतही तेवढाच होता. तेव्हा तो मला पुरला नाही.

स्पष्टीकरण अजून सापडलेलं नाही. कुणाला सुचलं तर कळवा. मी शांतपणे वाचेन. एक गोष्ट मात्र राहिलीच. त्या दुपारी आम्ही सगळ्यांनी उत्तर दिलं, पण आधीच्या आठ ठोक्यांत कुणालाही काही ऐकू आलं नव्हतं. ताईची स्वतःची ओळ आजही फक्त तिलाच माहीत आहे. मी ती विचारलेली नाही.

परवा ती घरी आली होती. मी फोनवर गाणं लावलं, बाजूला ठेवून दिला आणि तिच्यासमोर नुसता बसलो. ती जागा आली. ताईने डोळे मिटले, ओठ जरासे हलले. ढोलाशिवाय मला काहीच ऐकू आलं नाही. मग दोन बोटं वर गेली, आणि मी माझं उत्तर म्हटलं.

"वेळेवर आलास," ताई म्हणाली. "सुरात नव्हतास."